शेजारच्या सेलला विचारा

एक्सेलची कोरी शीट उघडा, कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि खालचा बाण दाबा. पडद्यावरचं सगळं एका झटक्यात वर सरकतं आणि डाव्या कडेला शेवटच्या ओळीचा क्रमांक दिसतो : १०,४८,५७६. आता तसंच उजवीकडे जा. शेवटच्या कॉलमचं नाव एक्सएफडी, तो १६,३८४ वा. पहिला आकडा दोनचा विसावा घात, दुसरा चौदावा. गुणाकार केला तर एका शीटवर १७ अब्जांहून जास्त सेल भरतात. सेकंदाला एक या वेगानं, न झोपता मोजायला बसलं तर ५४४ वर्षं लागतील. एवढा अफाट पसारा समोर असतो आणि आपण त्यातल्या दोन-तीनशे सेलमध्ये सोसायटीचा मेंटेनन्स, दहावी ‘ब’चे गुण नाहीतर लग्नाच्या आमंत्रणांची यादी लिहितो, खाली बेरीज मारतो आणि फाइल बंद करतो.

बेरीज मारण्यात कमीपणा काही नाही. पण बेरीज कॅल्क्युलेटरही करतो. शीटची खरी करामत दुसरीकडे आहे, आणि ती इतकी रोजच्या पाहण्यातली आहे की आपलं तिच्याकडे लक्षच जात नाही.

एका सेलमध्ये ‘डावीकडचा अधिक वरचा’ असा फॉर्म्युला लिहा. मग त्या सेलचा कोपरा माउसनं धरून खाली आणि उजवीकडे ओढा. शेकडो सेल क्षणात भरतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या डावीकडच्याला आणि स्वतःच्या वरच्याला विचारत असतो. आपण लिहिताना बी१ आणि ए२ असे पत्ते दिलेले असतात, पण एक्सेल ते ‘माझ्या वरचं घर’ आणि ‘माझ्या डावीकडचं घर’ असेच लक्षात ठेवतं. (पत्ता पक्का करायचा असेल तर मध्ये डॉलरचं चिन्ह घालावं लागतं. ते विसरल्यामुळे किती पगारपत्रकं बिघडली असतील!) कॉपी होतं ते उत्तर नव्हे, कॉपी होतं नातं. आणि शेजाऱ्याशी असलेल्या नात्यातून जे काही सांगता येईल, ते ते सगळं शीटवर मांडता येतं. मग ते चित्र असो, छंद असो, नाहीतर जगणं-मरणं.

ही कल्पना ज्याला सुचली तो मुळात आकड्यांचा माणूस नव्हता. डॅन ब्रिकलिन डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये वर्ड प्रोसेसिंगवर काम करून मग हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकायला गेला होता. १९७८ साली तिथल्या वर्गात फळ्यावर मोठमोठे तक्ते मांडले जायचे. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. संगणकावर एका परिच्छेदात शब्द घातला की पुढचे शब्द आपोआप सरकतात, हे ब्रिकलिननं पाहिलेलं होतं. तसे आकडेही का सरकू नयेत? त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं मिळून केलेला व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये अ‍ॅपल २ या संगणकासाठी आला. त्यात ६३ कॉलम आणि २५४ ओळी होत्या. आजच्या मानानं खुराडंच, पण सेल शेजाऱ्याला विचारतो ही मूळ गोष्ट त्यात पुरती होती.

आता प्रयोग. कोऱ्या शीटवर पहिल्या ओळीत आणि पहिल्या कॉलममध्ये सगळीकडे १ लिहा. मग बी२ मध्ये ‘वरचा अधिक डावीकडचा’ लिहून ते चौफेर ओढा. आकडे भराभर वाढत जातील. ते आडवे-उभे वाचू नका, तिरके वाचा, डाव्या खालच्या बाजूकडून उजव्या वरच्या बाजूकडे : १, १. मग १, २, १. मग १, ३, ३, १. शाळेत हा पास्कलचा त्रिकोण म्हणून भेटतो. पण दहाव्या शतकात हलायुधानं पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिताना हाच मेरुप्रस्तार म्हणून समजावून सांगितला होता, आणि त्याच्यापुढचा प्रश्न हिशेबाचा नव्हता, कवितेचा होता. इतक्या अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती तऱ्हा होतात, आणि त्यातल्या किती तऱ्हांमध्ये एक गुरू असतो, कितींमध्ये दोन?

तिसऱ्या तिरक्या ओळीत त्याचं उत्तर आहे. तीन अक्षरांचा गण घ्या. एकही गुरू नाही असा एकच : न गण. एक गुरू असलेले तीन : स, ज आणि भ. दोन गुरू असलेले तीन : य, र आणि त. तिन्ही गुरू असलेला पुन्हा एकच : म. एक, तीन, तीन, एक. ‘यमाताराजभानसलगा’ घोकताना ज्यांना रडू कोसळायचं, त्यांना ही रचना कुणी दाखवली असती तर कदाचित वृत्तांशी थोडी मैत्री झाली असती. चौथी तिरकी ओळ म्हणजे चार अक्षरी चरणाच्या सोळा तऱ्हा, पाचवी म्हणजे बत्तीस. अकरा अक्षरांच्या इंद्रवज्रेपर्यंत पोचलात की एकूण तऱ्हा २,०४८ भरतात, आणि नेमके पाच गुरू असलेल्या तऱ्हा किती, हे त्या ओळीतल्या सहाव्या सेलमध्ये लिहिलेलं असतं : ४६२.

इथवर आकडेच होते. आता आकडे पुसूया. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एक नियम घाला : सेलमधली संख्या विषम असेल तर सेल काळा. आणि आकडे दिसेनासे करण्यासाठी नंबर फॉरमॅटमध्ये नुसते तीन अर्धविराम लिहा. (ही युक्ती फार कमी लोकांना माहीत असते. संख्या सेलमध्ये असते, दिसत मात्र नाही.) कॉलमची रुंदी ओळीच्या उंचीइतकी करून सेल चौरस करा आणि झूम कमी करत चला.

त्रिकोण दिसतात. मोठ्या त्रिकोणात तीन छोटे, त्या प्रत्येकात आणखी तीन, आणि मधली जागा कोरी. पोलिश गणिती वात्सवाव सिएरपिन्स्कीनं १९१५ साली ज्या आकृतीबद्दल लिहिलं तीच ही. आपण त्रिकोण काढायला सांगितलेलंच नव्हतं. आपण फक्त ‘वरच्याला आणि डावीकडच्याला विचार’ एवढंच म्हणालो होतो.

खाली जाता जाता मात्र चित्र विस्कटतं. कारण सरळ आहे. या संख्या अवाढव्य होतात आणि एक्सेलची नजर पंधरा अंकांपलीकडे जात नाही. पन्नास-पंचावन्नाव्या तिरक्या ओळीनंतर शेवटचा अंक खरा उरत नाही, मग विषम काय नि सम काय! उपायही शेजारधर्मातच आहे : पूर्ण बेरीज ठेवायचीच कशाला? बेरजेला दोननं भागून उरणारी बाकी तेवढी ठेवा. मॉड नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे. आता प्रत्येक सेलमध्ये फक्त ० किंवा १ राहतो आणि चित्र हवं तेवढं वाढवता येतं. ६४ बाय ६४ च्या चौकोनात नेमके ७२९ सेल काळे होतात. १२८ बाय १२८ केलात तर २,१८७. चौकोनाची बाजू दुप्पट केली की काळे सेल तिप्पट होतात. एकूण सेल मात्र चौपट झालेले असतात, म्हणून पसारा वाढवावा तसतसं चित्र विरळ होत जातं. आकृती वाढते, शाई कमी पडते. हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

शेजाऱ्याला विचारण्याचा सर्वांत प्रसिद्ध खेळ जॉन कॉनवे या इंग्लिश गणितीचा. गो या खेळाचा पट आणि सोंगट्या घेऊन त्यानं तो रचला. मार्टिन गार्डनरनं ऑक्टोबर १९७० च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याची ओळख करून दिली आणि जगभरच्या संगणकांचा वेळ त्यात खर्ची पडू लागला. नाव ‘गेम ऑफ लाइफ’. प्रत्येक घर जिवंत किंवा मेलेलं. घराला आठ शेजारी. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते पुढच्या पिढीत जगतं. कमी असतील तर एकाकीपणानं मरतं, जास्त असतील तर गर्दीनं. मेलेल्या घराचे बरोबर तीन शेजारी जिवंत असतील तर तिथे जन्म होतो. झालं, एवढेच नियम.

हा खेळ शीटवर मांडण्याची जी पद्धत मला सगळ्यांत आवडते, तिच्यात काही हलत नाही. तीस बाय तीसचा एक तुकडा घ्या, त्यात हवे तिथे १ लिहा, बाकीचे ०. कडेला एक कोरी पट्टी सोडून त्याच्याच खाली तेवढाच दुसरा तुकडा. त्यातला प्रत्येक सेल वरच्या तुकड्यातल्या आपल्या जागेकडे आणि तिच्याभोवतीच्या आठ घरांकडे बघतो. आठांची बेरीज ३ असेल तर १, बेरीज २ असून ते घर स्वतः १ असेल तरीही १, नाहीतर ०. आता हा दुसरा तुकडा कॉपी करा आणि तितक्याच अंतरावर खाली चिकटवत जा, वीस वेळा, पन्नास वेळा. प्रत्येक तुकडा आपल्या आधीच्या पिढीकडे बघत बसलेला. काळ शीटवर उभा अंथरला गेला. माउसचं चाक फिरवून वरून खाली आलात की पिढ्या डोळ्यांपुढून सरकतात. पाच घरांची ‘ग्लायडर’ नावाची आकृती पहिल्या तुकड्यात ठेवली तर ती रूप बदलत बदलत दर चार पिढ्यांनी एक घर तिरकी सरकलेली दिसते. आणि गंमत म्हणजे पहिल्या तुकड्यात एक घर बदललंत की पन्नासाव्या पिढीपर्यंतचा सगळा इतिहास तत्काळ बदलतो. हार्वर्डच्या फळ्यावर हेच तर हवं होतं.

रंगांचं काय, असं कुणी विचारेल. रंग हेही आकडेच. मोबाइलमधल्या फोटोचा प्रत्येक ठिपका तीन संख्यांनी सांगितलेला असतो : लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी ० ते २५५. मॅट पार्कर हा गणित सांगणारा ऑस्ट्रेलियन विनोदवीर हेच शीटवर करून दाखवतो. फोटोची एक ओळ म्हणजे शीटच्या तीन ओळी. एकीतले आकडे काळ्यापासून लालपर्यंत रंगवायचे, दुसरीतले हिरव्यापर्यंत, तिसरीतले निळ्यापर्यंत. जवळून बघावं तर आकड्यांचा ढीग. झूम दहा टक्क्यांवर आणावा तर चेहरा. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर जे ढकलत असतो ती मुळात एक शीटच आहे, फक्त आकडे झाकलेली.

घरगुती उपयोगाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दोसुतीवरच्या भरतकामाचे, विणकामाचे नमुने शीटवर उत्तम बसतात, हे अनेक बायकांनी कधीच शोधून काढलंय. पण बहुतेक जणी बादलीच्या चिन्हावर टिचकी मारून सेलमध्ये थेट रंग ओततात. तसं करू नका, सेलमध्ये रंगाचं नाव लिहा. लालसाठी ‘ल’, मोरपिशीसाठी ‘मो’. मग ‘ल’ असेल तर लाल, ‘मो’ असेल तर मोरपिशी, असे नियम कंडिशनल फॉरमॅटिंगला सांगा. चित्र तेच दिसतं, पण आता काउंटइफ हे फंक्शन मोरपिशी टाके किती ते सांगू शकतं, म्हणजे दोऱ्याच्या लडी किती आणायच्या ते कळतं. आणि उद्या मोरपिशीऐवजी आंबा रंग हवासा वाटला तर एक नियम बदलायचा, पूर्ण मोर पुन्हा रंगवायचा नाही.

एक्सेलमधली चित्रं म्हटलं की लोक तात्सुओ होरिउची या जपानी आजोबांचं नाव घेतात. निवृत्तीच्या सुमारास, २००० च्या आसपास, त्यांना संगणकावर चित्रं काढायची हौस आली. चित्रांचं महागडं सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा संगणकात आधीपासून असलेलं एक्सेल त्यांनी वापरलं. चेरीचा बहर, बर्फाच्छादित डोंगर, पारंपरिक जपानी मुद्राचित्रांच्या वळणाची निसर्गदृश्यं. २००६ मध्ये त्यांना एक्सेल-चित्रांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. चित्रं खरोखर देखणी आहेत. पण सांगायला हवं की होरिउचींनी सेलना हातही लावलेला नाही. ते रेषा आणि आकार काढण्याची साधनं वापरतात, आणि शीट मागे नुसती कागदासारखी पडून राहते. चिकाटीला सलाम. मात्र ज्या अर्थानं मेरुप्रस्तारातले त्रिकोण शीटचे आहेत, त्या अर्थानं ही चित्रं शीटची नाहीत.

शीटला स्वतःचा स्वभाव आहे आणि तो कधीकधी नडतो. तिला जिथे तिथे तारखा दिसतात. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा थाटाची होती. संशोधक ती यादीत लिहायचे आणि एक्सेल त्यांची निमूटपणे १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात असे घोटाळे सापडले. अखेर २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं, मार्च१ चं मार्चएफ१. सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्रानं नमतं घेतलं. त्यानंतर काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टनं ही आपोआप होणारी तारीख-भरती बंद करण्याची सोय दिली.

तारखेबाबत आणखी एक. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा क्रमांक. त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या फाइलींशी जुळावं म्हणून ती चूक जाणूनबुजून जपली गेली. आणि १९०० च्या आधी काळ सुरूच झालेला नव्हता! शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख एक्सेलमध्ये लिहून पाहा. ती तारीख मानलीच जात नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहते. पेशवाईची कालरेषा शीटवर मांडू पाहणाऱ्यानं वर्ष, महिना आणि दिवस तीन वेगळ्या कॉलममध्ये ठेवावेत, म्हणजे निदान क्रम तरी लावता येतो.

मराठीशीही तिचं वागणं मजेशीर आहे. एखाद्या शब्दाची लांबी सांगणारं लेन हे फंक्शन ‘मराठी’ला पाच म्हणतं. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. शीटला म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं. यावर कपाळाला आठ्या घालण्यापेक्षा एक लक्षात घ्या : काना सुटा आहे म्हणजे तो शोधता येतो. कुठे दीर्घ मात्रा आहे, कुठे जोडाक्षरामुळे आधीचं अक्षर गुरू होतंय, हे फॉर्म्युल्यानं हुडकता येतं. ओळ टाकली की लघु-गुरूंची रांग देणारी शीट बनवणं हा एखाद्या पावसाळी रविवारचा उद्योग आहे. हलायुधाला आवडला असता.

तर मग या शीटला काय काय करता येतं याला काही मर्यादा आहे का? ओळींची आहे, आणि ती महागात पडू शकते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधले जवळजवळ सोळा हजार कोविड रुग्ण सरकारी आकडेवारीतून गळाले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत ओतली जात होती आणि त्या फाइलीत ६५,५३६ ओळींपुढे जागाच नव्हती. पण विचाराची मर्यादा विचाराल तर ती फारशी नाही. नेदरलँड्सच्या फेलिन हर्मान्स या संशोधिकेनं २०१३ साली निव्वळ फॉर्म्युल्यांतून ट्युरिंग यंत्र बांधून दाखवलं. अ‍ॅलन ट्युरिंगनं १९३६ मध्ये कल्पिलेलं हे यंत्र म्हणजे कोणत्याही संगणकाला जे जे मोजता येतं त्या सगळ्याचा अर्क. त्याच वर्षी कॅरी वॉकिन या कॅनडातल्या चार्टर्ड अकाउंटंटनं एक्सेलमध्ये राक्षस, शस्त्रं आणि लढायांचा पूर्ण खेळ रचला. अर्थात त्यात त्यानं मॅक्रो (फॉर्म्युल्यांपलीकडचे छोटे प्रोग्रॅम) वापरले होते. डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं लॅम्डा आणलं. त्यामुळे आपण लिहिलेल्या फॉर्म्युल्याला नाव देता येतं, आणि तो फॉर्म्युला स्वतःलाच पुन्हा बोलावू शकतो. लेजर लिहिणारा प्रत्येक लेखनिक आता, त्याला ठाऊक असो वा नसो, प्रोग्रॅमर आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. हाताशी ना संगणक, ना विद्यापीठाची खुर्ची. १९४९ साली त्यांनी सांगितलं : सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून लहान. मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तिथेच राहते. ज्या मार्टिन गार्डनरनं कॉनवेचा खेळ जगापुढे आणला, त्यानंच १९७५ मध्ये त्याच सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं. तोपर्यंत इथल्या पुष्कळ गणितज्ञांना हे सगळं करमणुकीतलं वाटत होतं.

शंभर बाय शंभरचा चौकोन घ्या. ओळी ०० ते ९९, कॉलम ०० ते ९९. ओळीचे दोन अंक आणि कॉलमचे दोन अंक जोडले की एक चार अंकी संख्या. ०००१ सारख्या संख्यांतले पुढचे शून्य जपायचे. प्रत्येक सेलमध्ये ती संख्या ६१७४ ला पोचायला किती वजाबाक्या लागतात तो आकडा, आणि शून्यापासून सातपर्यंत प्रत्येक आकड्याला एक रंग. लॅम्डा वापरलंत तर फॉर्म्युला सुटसुटीत होतो. नाही वापरलंत तर एकामागे एक आठ शीट लावा, प्रत्येक शीट आधीच्या शीटमधल्या त्याच जागेला विचारणारी. मोठे-लहान अंक निवडायला लार्ज हे फंक्शन आहे.

झूम कमी केल्यावर जे दिसतं ते रंगीबेरंगी चौकड्याच्या लुगड्यासारखं असतं. तीन वजाबाक्या लागणाऱ्या संख्या सर्वांत जास्त, २,४००. पूर्ण सात लागणाऱ्या २,१८४. एकाच वजाबाकीत पोचणाऱ्या फक्त ३८३. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे जाणाऱ्या कर्णावर ११-११ घरांच्या अंतरानं दहा ठिपके कोरे राहतात : ००००, ११११, २२२२… या दहा संख्या शून्यात जातात.

आणि मग नक्षीकडे नीट बघावं. कर्णावर घडी घातली तर ६१७४ चं स्वतःचं घर सोडून दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. साहजिक आहे, ओळ आणि कॉलम यांची अदलाबदल केली तर अंक तेच राहतात, फक्त जागा बदलतात. पण शीट उलटी धरली, म्हणजे अर्धा फेरा फिरवली, तरीही त्या एका घराचा अपवाद सोडून नक्षी तीच दिसते, आणि हे काही अंकांच्या अदलाबदलीनं समजत नाही. ३५२४ च्या नेमकं समोरचं घर ६४७५ आहे : प्रत्येक अंक नऊमधून वजा. अंक सगळे बदलले, मग वजाबाक्या तेवढ्याच का?

कागदावर दोन ओळींत उत्तर निघतं. अंक उतरत्या क्रमानं लावले की पहिली वजाबाकी नेहमी अशी येते : पहिल्या आणि चौथ्या अंकांतल्या फरकाची ९९९ पट, अधिक दुसऱ्या आणि तिसऱ्यातल्या फरकाची ९० पट. म्हणजे अंक कोणते आहेत याला किंमतच नाही, फक्त त्यांच्यातल्या दोन अंतरांना आहे. नऊमधून वजा केल्यानं अंतरं बदलत नाहीत. आणि अशा अंतरांच्या जोड्या होतात फक्त ५४. पहिली वजाबाकी झाली की ९,९९० संख्यांचा तो जमाव ५४ संख्यांत गोळा होतो. दहा हजार सेलची एवढी नक्षी ५४ घरांच्या एका छोट्या तक्त्यात मावते. ६१७४ स्वतः म्हणजे सहा आणि दोन ही अंतरं : ५,९९४ अधिक १८०.

पाच अंकांचं काय? तिथे एकच मुक्काम नाही. संख्या फिरत्या वर्तुळात अडकतात आणि अशी वर्तुळं तीन आहेत. एक दोघांचं : ५३९५५ आणि ५९९९४, एकमेकांकडे ये-जा करणारे. दुसरं चौघांचं, ६१९७४ पासून सुरू होऊन ८२९६२, ७५९३३, ६३९५४ करून परत. तिसरंही चौघांचं : ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३. एक लाख संख्या म्हणजे हजार ओळी आणि शंभर कॉलम, शीटला काहीच नाही. पण त्याचीही गरज नाही. पाच अंक उतरत्या क्रमानं लावून वजाबाकी केली की मधला अंक स्वतःलाच खाऊन टाकतो. उरतात पुन्हा दोनच अंतरं, एकाची ९,९९९ पट आणि दुसऱ्याची ९९० पट. म्हणजे पुन्हा ५४ जोड्या. त्यातल्या फक्त तीन जोड्या दोघांच्या वर्तुळात जातात. लाखातल्या ३,१९० संख्या. उरलेल्या ५१ जोड्या दोन चौकड्यांनी कशा वाटून घेतल्यात आणि कुणाचं पारडं जड आहे, हे चोपन्न ओळींची शीट दहा मिनिटांत सांगते. पहिल्या कॉलममध्ये पहिलं अंतर लिहा, १ ते ९. दुसऱ्यात दुसरं, शून्यापासून पहिल्याइतकं. तिसऱ्यात वजाबाकी. आणि चौथ्यापासून पुढे प्रत्येक सेल आपल्या डावीकडच्याला विचारेल.